आम्ही लावलेले दिवे

टक्. थोडा वेळ शांतता आणि मग परत टक्. घर बघायला गेलो होतो आणि माझ्या मागून हा आवाज येत होता, पण पहिल्या दोन खोल्यांत तर माझ्या लक्षातही आलं नाही की तो कसलाय. आम्ही सहा जण होतो. मी, नवरा, नणंद, तिचा आठ वर्षांचा मुलगा, नवऱ्याचा एक मित्र ज्याला म्हणे घरातलं सगळं कळतं, आणि एजंट. अकराची वेळ ठरली होती, पोचलो पावणेबाराला, आणि सॉरी कोणीच म्हटलं नाही कारण प्रत्येकाला वाटलं दुसरा म्हणेल. खोलीत शिरायचं, दिसतील ती सगळी बटणं दाबायची, दिवा, पंखा, दुसरा दिवा, वर बघायचं, खाली बघायचं, खिडकी उघडायची, "हं" म्हणायचं आणि पुढच्या खोलीत. आणि आमच्या मागून घरमालक काका येत होते, एकेक बटण बंद करत, आम्ही उघडी टाकलेली खिडकी लावून घेत.

चौथी खोली म्हणजे बाथरूम. तिथे कमोडच्या शेजारी भिंतीत एक स्टीलची दांडी बसवलेली होती, धरून उठण्यासाठी असते ना, तशी. दोन टोकांना दोन-दोन स्क्रू, मधला भाग हात लागून लागून जास्त चमकणारा. त्या दांडीवर एक धुतलेला नॅपकिन अगदी चौकोनी घडी घालून ठेवलेला, बहुतेक आमच्यासाठीच. आणि मी, मला चांगलं आठवतंय, हसत हसत मोठ्याने म्हणाले, "ई, हे काय हॉस्पिटलसारखं, हे तर पहिल्या दिवशीच उखडायचं." नणंद हसली. नवरा म्हणाला, "अगं बाथरूम पूर्णच फोडायचंय, दांडीचं काय घेऊन बसलीस." मित्राने टाइल्सवर बोटाने ठोकून पोकळ आवाज येतोय का ते बघितलं. आणि मागच्या खोलीतला दिवा बंद झाला. टक्.

काका दोन फुटांवर उभे होते.

काही म्हणाले नाहीत. आम्ही बाहेर येईपर्यंत थांबले, मग आत हात घालून बाथरूमचाही दिवा बंद केला आणि म्हणाले, "चला, गॅलरी बघून घ्या, उजेड आहे तोवर." दुपारचे बारा वाजले होते. उजेड कुठे जाणार होता.

घरी येताना गाडीत यावर कोणीच बोललं नाही. बोललो ते चटई क्षेत्र, पार्किंग, स्वयंपाकघराची दिशा, कर्जाचा हप्ता. म्हणजे ज्या गोष्टींवर बोलायला हवं त्यावरच बोललो, तक्रार नाही. पण रात्री झोपताना दिवा मालवला आणि तो आवाज आला तेव्हा मला एकदम पोटात कसंतरी झालं. आपल्याकडे म्हणतात ना, काय दिवे लावलेस! आम्ही तर खरोखरचे लावले होते, खोलीखोलीत, आणि ते मालवत एक माणूस आमच्या मागून फिरत होता.

आता यात माझी एक बाजू आहे आणि ती मी मांडणारच. घर घेणं म्हणजे बहुतेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. पुढची पंधरा-वीस वर्षं पगाराचा मोठा तुकडा तिथे जाणार असतो. अशा वेळी माणूस ठोकून बघणार, नळ सोडून बघणार, कोपऱ्यातल्या ओलीवर हात फिरवणार, हे त्याने करायलाच हवं. जो भिडेपोटी बघत नाही तो नंतर पहिल्या पावसात छताकडे बघत बसतो. तेव्हा शिष्टाचार म्हणजे मान खाली घालून "छान आहे हो घर" म्हणत फिरणं, असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. उलट नीट बघणारा खरेदीदार विकणाऱ्यालाही बरा वाटतो, निदान हा मनापासून आलाय हे तरी कळतं. माझं अडलं ते बघण्यापाशी नाहीच. अडलं तोंडापाशी. जे गाडीत बसल्यावर बोलायचं ते मी बाथरूमच्या दारात बोलले, एवढंच, पण ते एवढंच काही केल्या पुसलं जाईना.

आणि लाज जास्त वाटायचं कारण म्हणजे दाराच्या त्या बाजूला मी उभी राहिलेली आहे. आमचं जुनं घर विकायला काढलं तेव्हा मी विशीत होते. दर सुट्टीच्या दिवशी कोणी ना कोणी बघायला यायचं. आई सकाळपासून कामाला लागायची, आरसे पुसायची, पायपुसणी बदलायची, कपाटावरच्या बॅगा पलंगाखाली ढकलायची आणि मग पलंगाखालीही कोणी वाकून बघेल म्हणून परत बाहेर काढायची. एकदा तर तिने पंख्याची पाती पुसली आणि त्या लोकांनी आयत्या वेळी फोन करून सांगितलं की आज जमत नाहीये. फोन तरी केला, ते एक. काही जण तर यायचेच नाहीत, आणि आम्ही चौघं बाहेरचे कपडे घालून सोफ्याच्या कडेवर बसलेलो, उशा दाबल्या जाऊ नयेत म्हणून. बाबा पेपर उघडून बसायचे, तासाभरात पान उलटलेलं नसायचं. मला तेव्हा आईचा राग यायचा, एवढं काय करायचंय, घर विकायचंय ना, लग्न आहे का कुणाचं. आज कळतं की येणाऱ्याने आपल्या घराला नावं ठेवली तर निदान धुळीवरून तरी ठेवू नयेत, एवढीच तिची धडपड होती.

एक गृहस्थ आले होते, त्यांच्या हातात टेप. आल्या आल्या, नमस्कार नाही की काही नाही, मापं घ्यायला सुरुवात. आई मशीनवर काहीतरी शिवत बसली होती, तिला म्हणाले, "जरा सरका." ती सरकली. ते तिच्या पाठीमागची भिंत मापून गेले, आकडा मोठ्याने बायकोला सांगितला, बायको म्हणाली "मग आपलं कपाट बसतंय." आईने मशीन पुन्हा जागेवर ओढलं आणि दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो काही ओवला जाईना. मी बघत होते. दोन-तीनदा तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि मग मशीनला झाकणच घातलं.

दुसरी एक बाई आठवते. एकटीच आली होती. प्रत्येक दारापाशी थांबून विचारायची, "आत जाऊ का?" स्वयंपाकघरातल्या कपाटापाशी हात नेला आणि थांबवला, "उघडून बघितलं तर चालेल का, खोली किती आहे ते बघायचंय." आई म्हणाली बघा की. तिने उघडलं, बघितलं, लावलं. जाताना म्हणाली, "तुम्ही घर फार नीट ठेवलंय." बास. आई अजूनही, म्हणजे इतक्या वर्षांनी, मध्येच कधीतरी म्हणते, ती एक बाई आली होती बघ. आता गोष्ट असती तर घर त्या बाईला मिळालं असतं. तसं काही झालं नाही. घर टेपवाल्या गृहस्थांनी घेतलं कारण त्यांनी जास्त पैसे दिले आणि त्यांचं कर्ज आधीच मंजूर होतं, आणि बाबांना ते सोयीचं पडलं. सभ्यपणाने घर स्वस्तात मिळतं वगैरे जे सांगतात त्यांना मी म्हणेन, मिळत असेलही कुठे, आमच्या घरात तरी मिळालं नाही.

पण त्यावरून एक मात्र ध्यानात घेण्यासारखं आहे. कर्ज आधी मंजूर करून येणं, हे त्या टेपवाल्या गृहस्थांनी केलेलं एकमेव सौजन्य होतं आणि ते फार मोठं होतं. आपण त्याला सौजन्य म्हणत नाही, तयारी म्हणतो. पण विकणाऱ्याच्या बाजूने बघा, त्याने तुमच्या शब्दावर बाकीच्यांना नाही म्हटलेलं असतं, आणि मग तुम्ही दीड महिन्याने सांगता की बँक एवढं देत नाहीये. ती दीड महिन्याची वाट त्याने कुणाकडे परत मागायची? त्याचंही पुढचं कुठेतरी ठरलेलं असतं, तिथला विकणारा याच्यावर अवलंबून, त्याच्या पुढे आणखी कोणी. इंग्लंडमध्ये याला सरळ साखळीच म्हणतात आणि मधली एक कडी तुटली की सगळे आपापलं बांधलेलं सामान परत सोडत बसतात. तिथे करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच कायद्याने बांधलेलं नसतं, त्यामुळे अगदी शेवटच्या दिवसांत खरेदीदाराने अचानक किंमत पाडून मागायची, समोरचा आता मागे फिरू शकत नाही हे ओळखून, असा एक प्रकार चालतो आणि त्याला त्यांच्याकडे चक्क वेगळा शब्द आहे, गॅझंडरिंग. एखाद्या वागण्याला स्वतंत्र शब्द पडतो म्हणजे ते किती लोकांनी किती वेळा केलं असेल! आपल्याकडे त्याला शब्द नाही म्हणून आपण करत नाही असं थोडंच आहे.

भाव करण्याबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. भाव करावाच. न करणारा माणूस मला उगाच संशयास्पद वाटतो. पण आम्ही त्या घरासाठी जो आकडा मनात धरला होता तो मित्राने सुचवलेला, "एकदम खाली सांगायचं, मग बघू, हलतील." मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कॉलेज सुटून जमाना झाला तरी एक प्रयोग डोक्यात राहिलाय. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्च आणि रिचर्ड थेलर या तिघांनी १९९० साली छापलेला. वर्गातल्या अर्ध्या मुलांना साधे कॉफीचे मग दिले आणि बाकीच्यांना म्हटलं विकत घ्या यांच्याकडून. तर ज्यांच्या हातात मग होता ते मागत होते ती किंमत, घेणारे द्यायला तयार होते त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. मग तोच, मुलं तीच, फरक फक्त एवढा की यांच्या हातात काही मिनिटं होता आणि त्यांच्या नव्हता. काही मिनिटं! आणि आपण, जिथे कोणी तीस वर्षं राहिलंय, त्या माणसाला म्हणतो "तुमची अपेक्षा जरा जास्तच आहे." ती जास्त असणारच. तो लोभी असेलच असं नाही, त्याच्या हातात मग आहे.

दुसरा एक खेळ आहे, १९८२ साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा मांडलेला. एकाला रक्कम द्यायची, त्याने दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा, दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही शून्य. नुसतं गणित बघितलं तर दुसऱ्याने एक नाणंसुद्धा घ्यायला हवं, फुकटच आहे. पण हा खेळ पुढे जिथे जिथे खेळला गेला तिथे फारच किरकोळ वाटा पुढे केला की पुष्कळ लोक सरळ नाही म्हणाले, स्वतःचं नुकसान करून. माझ्या ओळखीत एकांनी असंच केलंय, पहिला आकडा इतका अपमानास्पद होता की नंतर तेच लोक बरोबर भाव घेऊन आले तरी यांनी दार उघडलं नाही, आणि शेवटी त्याहून कमीत दुसऱ्याला दिलं. मूर्खपणा म्हणा हवं तर. मला तो कळतो.

मग कमी आकडा सांगायचाच नाही का? सांगायचा, पण कारणासकट सांगायचा. शेजारचं घर एवढ्याला गेलंय, वायरिंग जुनं आहे ते बदलायला एवढा खर्च येईल, आमच्याकडे एवढेच आहेत. शेवटचं कारण तर सगळ्यात प्रामाणिक आणि कोणी देत नाही. आणि घराला नावं ठेवून भाव पाडायचा तो एक जुना प्रकार आहे ना, खोलीत शिरल्यापासून "अंधार आहे", "लहानच आहे", "दार चुकीच्या बाजूला आहे" असं पुटपुटत राहायचं, म्हणजे समोरचा आपोआप खचतो, तो मला आता सहन होत नाही. इतकं वाईट आहे तर आलात कशाला. याचा भाऊ म्हणजे तपासणीनंतर परत भाव करणं. जाणकार माणसाला नेऊन घर तपासून घ्यावं, हक्कच आहे, आणि भिंतीच्या आत गळकी पाइप निघाली तर जरूर बोलावं, त्याशिवाय तपासणी कशाला. पण पहिल्या दिवशी डोळ्यांनी दिसलेल्या जुन्या खिडक्या, ज्या धरूनच आकडा ठरला, त्याच परत काढून "तपासणीत असं आलंय" म्हणायचं, हे मी लोकांना अभिमानाने सांगताना ऐकलंय.

विचारायच्या प्रश्नांचंही असंच. ओल येते का, पाणी किती वेळ असतं, काही थकबाकी आहे का, कागदपत्रं कुणाकुणाच्या नावावर आहेत, रात्री आवाज किती असतो, हे सगळं बेधडक विचारावं, यात उद्धटपणा काही नाही आणि न विचारणं म्हणजे नंतर भांडायची सोय. पण एक प्रश्न असा आहे की तो सगळे विचारतात आणि मीही विचारला, "का विकताय?" दिसायला साधा. त्यातून खरंच उपयोगाचं काही कळू शकतं, शेजारी बांधकाम होणार आहे वगैरे. पण घरं कशामुळे विकली जातात? कोणी गेलेलं असतं, कोणी वेगळं झालेलं असतं, कोणावर कर्ज असतं, कोणाला जिने चढवत नाहीत. विकणारा काय सांगणार, बूट काढून आत आलेल्या सहा अनोळखी लोकांना? मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "आता एकट्याला मोठं पडतं." एकट्याला. हे मी बाथरूमच्या आधी ऐकलं होतं. म्हणजे दांडी बघण्याआधी माझ्याकडे सगळी माहिती होती, फक्त दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या होत्या आणि मी त्या वेळी बेडरूममध्ये वॉर्डरोब कुठे येईल याचा विचार करत होते.

नणंदेच्या मुलाने पलंगावर उड्या मारल्या ते राहिलंच. त्याला कोणी "खाली उतर" म्हटलं नाही असं नाही, म्हटलं, पण ज्या आवाजात म्हटलं त्यावरून त्याला बरोबर कळलं की उतरायची गरज नाहीये. लहान मुलांना नेऊच नये असं मी म्हणणार नाही, त्यांनाही राहायचं असतं तिथे, पण पहिल्या फेरीला एवढा लवाजमा कशाला न्यायचा हे आता कळत नाही. दोघं जावं, आवडलं तर मग बाकीच्यांना घेऊन परत जावं, आणि परत जायचं तर परत विचारून.

आणि फोटो. नवऱ्याने विचारून काढले, तेवढं पुण्य आहे आमच्या खात्यात. पण नंतर ते फॅमिली ग्रुपवर टाकले आणि संध्याकाळपर्यंत मावशी, आत्या, तीन चुलत भाऊ सगळ्यांनी काकांच्या घरावर मतं दिली. एका फोटोत टेबलावर औषधांचा डबा होता, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला, आणि शेजारी भिंतीवर फ्रेममधल्या बाई. मी तो फोटो मोठा करून बघितला तेव्हा जाणवलं की हे आपल्याकडे असायला नको. डिलीट केला. ग्रुपवरून मात्र सगळ्यांच्या फोनमध्ये गेलाच होता.

एजंटबद्दल लिहायचं तर वेगळाच लेख होईल. त्याला लोक फुकटचा ड्रायव्हर समजतात. एक घर तीन एजंटांकडून बघायचं, मग कमिशनवरून त्यांच्यात लावून द्यायची, किंवा मालकाचा नंबर हळूच घेऊन परस्पर बोलायचं, "त्याला मध्ये कशाला घ्यायचा." आमचा मित्र याच मताचा. गंमत म्हणजे हाच मित्र सांगत होता की त्याचं स्वतःचं घर विकताना खरेदीदार एजंटला वगळून थेट आला तेव्हा याला वाटलं, हा त्याला फसवतोय तर मलाही फसवेल. बजेट खरं सांगावं, जे आवडलं नाही ते का आवडलं नाही तेही सांगावं, म्हणजे तो निदान तसली आणखी दहा दाखवत नाही. बाकी त्याच्याबद्दल काही तक्रारी आहेत माझ्या, त्या परत कधीतरी.

भावनेच्या दुसऱ्या टोकाचाही एक प्रकार आहे. काही देशांत खरेदीदार विकणाऱ्याला पत्र लिहितात, आम्हाला तुमचं घर बघताक्षणी आवडलं, आमची मुलं तुमच्या अंगणात खेळताना डोळ्यांसमोर येतात वगैरे. अमेरिकेत ओरेगन राज्याने २०२१ मध्ये अशी पत्रं विक्रेत्यापर्यंत पोचू नयेत असा कायदा केला, कारण पत्रातून कुटुंब कोण, कुठल्या धर्माचं, कसं दिसतं हे कळतं आणि विकणारा आपल्यासारख्याच माणसाला निवडतो. २०२२ मध्ये कोर्टाने तो थांबवला, बोलण्याच्या स्वातंत्र्यावरून. मला दोन्ही बाजू पटल्या, म्हणजे काहीच ठरवता आलं नाही. पण आईची ती बाई आठवली. "घर फार नीट ठेवलंय" हे चार शब्द, त्यात ती स्वतः कोण हे कुठेच नव्हतं.

तर आम्ही ते काकांचं घर घेतलं नाही. दांडीशी, टाइल्सशी, कशाशीच त्याचा संबंध नव्हता. दोन आठवड्यांनी दुसरं घर मिळालं, ऑफिसला जवळ, तिथे टोकन दिलं, झालं. आणि मग आपण सगळे जे करतो तेच मी केलं, म्हणजे काहीच केलं नाही. एजंटला नवरा सांगेल असं मला वाटलं, मी सांगेन असं नवऱ्याला, पुन्हा तेच, सॉरी कोण म्हणणार त्याच चालीवर. एक दिवस काकांचा फोन आला. वेळ ठरवताना माझा नंबर त्यांच्याकडे गेला होता. स्क्रीनवर नाव दिसलं, "काका घर", मीच सेव्ह केलेलं, आणि मी फोन सायलेंट करून उलटा ठेवला. वाजत राहिला. टेबलावर थरथरत थोडा थोडा सरकत होता. परत आला नाही. त्यांनी एकदाच केला.

एका शब्दाचं काम होतं. नाही. घर विकणाऱ्याला खरेदीदाराकडून जे मिळू शकतं त्यात होकाराखालोखाल किंमत लवकर दिलेल्या नकाराला आहे, हे मला आमच्या जुन्या घराच्या दिवसांपासून माहीत होतं. बाबा संध्याकाळी फोनजवळची खुर्ची सोडायचे नाहीत. "कळवतो" म्हणून गेलेल्या लोकांची त्यांनी एक छोटी डायरी केली होती, नाव आणि तारीख, आणि कुणाच्या नावापुढे पंधरा दिवस झाले की ते त्यावर पेन्सिलने हलकी रेघ मारायचे. पेनाने नाही. पेन्सिलने.

तिसऱ्या आठवड्यात मी फोन केला. आमच्या घराचे कागद झाले होते, आता त्या दुसऱ्या लोकांना घर रिकामं करायला महिना हवा होता आणि नवरा सुताराला मापं घ्यायला पाठवू या का म्हणत होता. मी म्हटलं, सही झाली असली तरी ते अजून राहतायत तिथे, ते निघेपर्यंत घर त्यांचंच. तो म्हणाला, तू कधीपासून एवढी. त्याच दुपारी काकांना फोन लावला. बोलायचं ते आधी मनात जुळवून ठेवलं होतं.

"काका, मी बोलतेय, घर बघायला आलो होतो बघा आम्ही, सहा जण."

"हो हो. आठवतंय की. बोला."

"आमचं दुसरीकडे ठरलं. सांगायला उशीर झाला, तुमचा फोन येऊन गेला तेव्हाही मी..."

"अच्छा, अच्छा. बरं केलंत सांगितलंत. मी जरा तुमचं धरून होतो मनात." मग थोडं थांबले. मागे कुठेतरी घड्याळाचे ठोके पडत होते. "घर चांगलं मिळालं ना?"

"हो. म्हणजे, लहान आहे, पण ऑफिसला जवळ."

"जवळ असलं की बरं असतं. आणि अहो, ती दांडी काढली मी. बाथरूममधली. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, येणाऱ्याला कसंतरीच वाटत असणार. आता कुणाला लागते ती. चार भोकं राहिलीयेत फक्त टाइलमध्ये, तीही बुजवून घेतो या आठवड्यात."

मी म्हटलं, हो. दुसरं काही सुचलंच नाही.